अर्धी आज्ञा

सोलापूर
१८ नोव्हेंबर २०२४

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

ती. स्व. सौ. जगदेवी आत्यास,
काव्याचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कानाचं मशीन दुरुस्त होऊन आल्याचं अमरेशदादाकडून कळलं. ते मध्येच शिट्टी वाजवतं म्हणून तुम्ही ते पुन्हा डबीत घालून कपाटात ठेवलंत, हेही कळलं. फोनवर मी ओरडायचं आणि तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, त्यापेक्षा पत्र बरं, हा तुमचा हुकूम मान्य. फक्त माझं पत्र लाल शाईनं तपासून परत पाठवू नका. मी आता स्वतः डी.एड. कॉलेजात शिकवते, थोडी तरी अब्रू राहू द्या.

तुमच्या-माझ्या या कॉलेजला पंचाहत्तर वर्षं होताहेत. फेब्रुवारीत सोहळा आहे, स्मरणिका निघणार आहे. तिच्यात शारीरिक शिक्षणाचा इतिहास कोण लिहिणार असं प्राचार्या सोनाली मॅडमनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी वेळेवर माना खाली घातल्या. माझी तेवढी वर राहिली. मग काय, गेले पंधरा दिवस मी भांडारखोलीत धूळ खाते आहे. वाळवीनं पोखरलेले लाकडी डंबेल्स सापडले, गंजलेल्या लेझमी सापडल्या. पहिल्या तुकडीतल्या बायकांचा एक फोटोही मिळाला. नऊवारीचा काष्टा मारून, हात वर करून कवायत चाललीय आणि चेहरे मात्र दहाव्याला आल्यासारखे!

खरी अडचण तळ्याच्या फेरीची आहे. दर फेब्रुवारीत सरावशाळेची मुलं पुढे आणि आपले छात्राध्यापक मागे, असे सगळे संचलन करत सिद्धेश्वर तलावापर्यंत जातात, तिथे चुरमुरे-फुटाणे खातात आणि परत येतात. तुम्हाला हे मी सांगायला नको. मला स्वतःला सगळ्या वर्षात तो एक दिवस आवडतो. पण मॅडम यंदा फेरी बंद करायच्या विचारात आहेत. रहदारी वाढली, ऊन वाढलं आणि शिवाय या फेरीचा शैक्षणिक हेतू काय, ते कुणालाच सांगता येत नाही. जानेवारीच्या बैठकीपर्यंत हेतू सांगा, नाहीतर फेरीऐवजी सभागृहात झुंबा ठेवू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

म्हणून मी लेखात असं लिहिलंय की, थोर दूरदृष्टीचे शारीरिक शिक्षण निदेशक कै. महादेवप्पा गुरुजी यांनी १९७४ साली जनआरोग्याच्या उदात्त हेतूने या उपक्रमाची मुहूर्तमेढ रोवली. तुम्ही तेव्हा तिथेच शिकत होतात. एवढं बरोबर आहे ना, ते कळवा म्हणजे झालं.

लोभ आहे तेवढाच ठेवा, रागावणं जरा कमी करा.

तुमची,
काव्या

—

करमाळा
२७ नोव्हेंबर २०२४

चि. काव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले, की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. दूरदृष्टी म्हणे! अगं, महादेवप्पा गुरुजींना चष्म्याशिवाय स्वतःची छत्री दिसत नसे. आणि मुहूर्तमेढ रोवायला ते काय लग्न होतं?

पण माणूस सोन्यासारखा. आमचे अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, मुलीनं मैदानात पळायचं म्हटल्यावर नकोच म्हणाले होते. गुरुजी छत्री घेऊन घरी आले, ओसरीवर बसले आणि कन्नडमध्ये अण्णांना समजावलं, की पोरगी मास्तरीण होणार असेल तर तिला पळता आलं पाहिजे, कारण वर्गातली पोरं काही बसून राहत नसतात. दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचून खो-खोत उतरले. तुझ्या त्या फोटोतल्या बायकांचे चेहरे तसे का आहेत हेही सांगते. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितलं होतं आणि गुरुजींनी हात खाली घ्यायची आज्ञाच दिली नव्हती. हा किस्सा आमच्या वेळेपर्यंत वसतिगृहात सांगत असत.

गुरुजींचा सगळा जीव आज्ञेत. ते सांगत, की आज्ञेचे दोन भाग असतात. आधी नुसतं ‘वर्ग’ म्हणायचं, त्यानं मुलं कान टवकारतात. मग एक श्वास घ्यायचा आणि मग ‘थांब’ म्हणायचं. त्या मधल्या श्वासात मुलं तुमची होतात असं त्यांचं म्हणणं. दुसरा शब्द आल्याशिवाय कुणी हलायचं नाही आणि हलत असेल त्यानं थांबायचं नाही. दुसरा नियम असा, की ज्याचा वर्ग त्याचीच आज्ञा. एकाच्या पाठात दुसऱ्यानं तोंड घातलं की पाठ नापास, मग ते गुरुजी स्वतः का असेनात.

आता फेरीचं. तू लिहिलंयस ते पार चूक आहे. बरोबर काय ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. ती गोष्ट माझी नाही आणि आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलीय. कुंभारीला माझी मैत्रीण शांतम्मा राहते. वसतिगृहात आम्ही एका खोलीत होतो, ती पण माझ्यासारखीच शाळेतून निवृत्त झाली. तिला जाऊन भेट. समोर येईल ते मुकाट्यानं खा आणि फेरीचा विषय जेवण झाल्यावरच काढ.

पत्रात ‘उदात्त’ शब्द उगाच घातलायस. लाल शाई नाही वापरली, बघ.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
आत्या

—

सोलापूर
९ डिसेंबर २०२४

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल रविवारी कुंभारीला जाऊन आले. जगदेवीची भाची म्हटल्यावर शांतम्माबाईंनी दारातच माझा हात धरला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, आणि मी पुरे म्हटलं की त्या म्हणायच्या, काय पुरे, खेळ शिकवतीस व्हय, मग खायला नको व्हय! शेजारणीशी कन्नड, माझ्याशी मराठी आणि मांजराशी दोन्ही, असं त्यांचं चाललं होतं.

त्यांची नात भुवनेश्वरी मोठी गमतीची आहे. तिनं सांगितलं, की आजीच्या गळ्यात अजून शिट्टी असते. जेवायला बोलवायचं तर एक शिट्टी, अभ्यासाला बसवायचं तर दोन. सगळी नोकरी त्यांनी शिट्टीवरच केली म्हणे. कवायतीतसुद्धा त्या मुलांना तोंडानं कधीच थांबवत नसत. तेव्हाचे विद्यार्थी आज आजोबा झाले, तरी रस्त्यात बाईंची शिट्टी ऐकली की जागच्या जागी उभे राहतात.

जेवण झाल्यावर तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी फेरीचा विषय काढला. आत्या, बाईंचा चेहराच उतरला. त्या उठल्या आणि परसात जाऊन कढीपत्त्याला पाणी घालायला लागल्या. तिथूनच म्हणाल्या, की त्यातलं मला काय ठावं न्हाय, मी कदी आले न्हाय आन् येणार पन न्हाय. कढीपत्ता पार बुडाला तरी पाणी घालणं थांबेना. फेरी बंद व्हायची वेळ आलीय असं मी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांच्या हातातली कळशी खाली आली. तुमाला बंद करताच कशी येईल, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. निघताना त्यांनी शेंगा बांधून दिल्या, पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मी काही दुखवलं का त्यांना? मला फार वाईट वाटतंय. आणि बैठक जवळ आली. माझ्या दूरदृष्टीच्या वाक्यानं काम होणार नाही, हे आता माझं मलाच कळतंय.

उत्तर लवकर पाठवा आणि मशीन कानात घाला.

तुमची,
काव्या

—

करमाळा
१६ डिसेंबर २०२४

प्रिय शांते,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझी भाची तुझ्याकडे जेवून गेली आणि तुझ्या चटणीचं अजून कौतुक करतेय. पोरगी गुणी आहे. तिला मी काहीही सांगितलेलं नाही. सिद्धरामेश्वराची शपथ घेतलीय ती आजवर पाळली, निवृत्तीच्या समारंभात जिभेच्या टोकावर आलं होतं तरी पाळली.

पण शांते, आता ऐक. फेरी बंद पडतेय. खरं कारण कुणाला माहीत नाही म्हणूनच बंद पडतेय. आपली बॅच आता किती उरली? उद्या तू गेलीस, मी गेले, की गुरुजींनी त्या दिवशी काय केलं ते सांगायला कुणी नाही. नुसता झुंबा राहील. झुंबा म्हणजे काय ते मला सूनबाईनं मोबाईलवर दाखवलं. गुरुजींनी पाहिलं असतं तर छत्री उघडून तोंड झाकलं असतं.

तुला लोक हसतील अशी भीती वाटते ना? एकोणिसाव्या वर्षी वाटली ती बरोबरच होती. आता सत्तरीत कोण हसणार? आणि हसले तर हसले. मला तर ऐकूच येत नाही, मला काय लोक कमी हसत असतील?

तू नको म्हणालीस तर माझं तोंड मिटलेलंच राहील. पण विचार कर.

तुझ्या रागासकट तुझीच,
जगदेवी

—

कुंभारी
२६ डिसेंबर २०२४

प्रिय मैत्रीण जगदेवी हिस,
शांतम्माचा सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आलं. दोन दिवस देवघरात ठेवलं होतं, मग उघडलं. तुझं अक्षर अजून तसंच कोंबडीचे पाय.

तुला आजपर्यंत सांगितलं नाही ते आज सांगते. मी फेरीला कधी गेले नाही असं त्या पोरीला म्हटलं, ते अर्धंच खरं. शिकून बाहेर पडल्यावर कॉलेजात कधी गेले नाही. पण निवृत्त झाल्यापासून दर वर्षी फेरीच्या शनिवारी एसटीनं सोलापूरला जाते. घरी सांगते देवाला जाते, आणि जातेच की देवाला. दर्शन झालं की तळ्याच्या कठड्यापाशी बसते. मुलं येताना लांबून पायांचा आवाज येतो, मग लेझीम येते, मग ती चुरमुऱ्यांवर तुटून पडतात. तेवढं बघते आणि कुणी ओळखायच्या आत निघते. माझ्या चुकीतून एवढं सगळं झालं, याची लाज वाटायची तशीच मजाही वाटायची. गेल्या वर्षी एका मुलानं मला भिकारीण समजून मूठभर फुटाणे दिले. मी घेतले.

काव्यानं फेरी बंद होणार म्हटलं. तेव्हा कळलं, की मला हसतील त्याची भीती लहान आहे आणि ती मुलं येणार नाहीत त्याची मोठी.

तर तू सांग तिला. सगळं सांग, पण नीट सांग. गुरुजींना कमी करू नको आणि मला जास्त रडवू नको. लेखात माझं नाव घालायचं की नाही ते मी नंतर कळवते. एवढी सवलत दे.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे? ओव्याची पुरचुंडी करून शेकत जा.

तुझीच जुनी खोलीसोबतीण,
शांतम्मा

—

करमाळा
३ जानेवारी २०२५

चि. काव्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शांतम्मानं परवानगी दिली. आता नीट बसून वाच.

फेब्रुवारी १९७४. आमचे वार्षिक पाठ चालू होते. बाहेरून परीक्षक आले होते. बूट नवे, चेहरा कडक. शांतम्माचा संचलनाचा पाठ होता. ती अक्कलकोटकडच्या खेड्यातली. घरात सगळं कन्नड, मराठी आज्ञा तिनं रात्रंदिवस घोकून पाठ केलेल्या. दक्ष झालं, विश्राम झालं, पुढे चल झालं. सरावशाळेची पोरं अशी झकास चालत होती, की परीक्षकांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्यानंच घात केला. पोरं फाटकाजवळ आली, शांतम्मानं मोठ्यानं ‘वर्ग’ म्हटलं, श्वास घेतला, आणि पुढे काही येईचना. घसा बंद. पोरांनी कान टवकारलेले, पाय चालू. फाटक परीक्षकांच्या जीपसाठी उघडलं होतं ते तसंच. पोरं डावा-उजवा करत सरळ रस्त्यावर!

शांतम्मा मागे पळतेय, तोंड उघडतेय, मिटतेय. आमच्यापैकी कुणीही थांब म्हटलं असतं तर पोरं थांबली असती. पण ज्याचा वर्ग त्याची आज्ञा. दुसऱ्यानं म्हटलं की ती नापास, आणि तिच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं, की नापास झालीस तर शिक्षण बंद, लग्न. हे गुरुजींना ठाऊक होतं. त्यांनी आमच्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. मग परीक्षकांना अदबीनं सांगितलं, की या पाठात तळ्यापर्यंत पदभ्रमण आहे, चलावं. आणि आम्हा सगळ्यांना छत्रीनं खूण केली, की मागे रांग धरा.

अशी निघाली गं पहिली फेरी. पुढे पोरं, मग रडत शांतम्मा, तिच्या बाजूला छत्री घेऊन गुरुजी, मग नव्या बुटात लंगडणारे परीक्षक आणि शेवटी आम्ही. टांगेवाले थांबून बघत होते. गुरुजी सबंध रस्ताभर शांतम्माशी पीकपाण्याबद्दल कन्नडमध्ये बोलत होते, जणू दोघं बाजाराला निघालेत. तळं आडवं आलं तेव्हा पुढची पोरं कठड्यापाशी जागच्या जागी कदमताल करायला लागली. आज्ञा नव्हती ना! शेवटी चुरमुरेवाला आला, गुरुजींनी त्याची पाटीच उतरवून घेतली, आणि रांगा आपोआप विरघळल्या. थांब असं कुणीच म्हटलं नाही, ते अजून म्हणायचंच राहिलंय.

परीक्षक कठड्यावर बसून, बूट काढून फुटाणे खात होते. त्यांनी शांतम्माला जवळ बोलावलं आणि सांगितलं, की वर्गावर ताबा उत्तम आहे, थांबवण्याचा सराव वाढवावा. पास! त्यांना सगळं कळलं होतं हे आम्हाला तेव्हाच कळलं. पुढच्या वर्षी तेच परीक्षक आले आणि आल्या आल्या विचारलं, की तळ्याला कधी जायचं? मग गुरुजींना फेरी काढावीच लागली. त्यानंतर ती कधी चुकली नाही.

तर शैक्षणिक हेतू हा असा. एक पोरगी चुकली आणि सगळं कॉलेज तिच्याबरोबर चाललं. तुझ्या मॅडमना पटलं तर बघ.

माझं ऑपरेशन जानेवारीअखेर आहे, त्यामुळे मला येता येणार नाही. वाईट वाटतंय, पण गुडघ्यालाही आज्ञा समजत नाहीत.

तुझी,
आत्या

—

सोलापूर
१४ जानेवारी २०२५

ती. स्व. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. तिळगूळ वेगळा पाठवलाय.

बैठकीत मी माझा लेख बाजूला ठेवला आणि तुमचं पत्रच वाचलं. लंगडणाऱ्या परीक्षकांपर्यंत आले तोवर गणिताचे सर टेबलावर डोकं ठेवून हसत होते. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, की दर वर्षी पाठाच्या वेळी एखाद्या मुलीचा घसा असाच बंद होतो, आणि आपण वहीत शेरा मारून मोकळे होतो. एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला. फेरी होणार! सकाळी लवकर निघायचं, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि वाहतूक पोलिसांना आधी कळवायचं. झुंबा दुपारी. झुंबावर मात्र मॅडम ठाम आहेत.

मी लगेच कुंभारीला जाऊन बातमी दिली. शांतम्माबाईंनी माझ्या तोंडात साखर घातली आणि मग कडक आवाजात सांगितलं, की लेखात नाव घाल, पुरं नाव घाल, गावासकट घाल. फेरीला येणार का म्हटल्यावर पुन्हा कढीपत्त्याकडे गेल्या. या वेळी पाणी थोडंच घातलं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे, पण ती तुम्हालासुद्धा सांगत नाही. तुम्ही शपथा पाळता, तशी मीही पाळते.

गुडघ्याला जपा, आणि माझ्या वाटचा राग डॉक्टरांवर काढू नका.

तुमची,
काव्या

—

कुंभारी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय जगदेवी,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं ऑपरेशन नीट झालं, हे तुझ्या अमरेशनं कळवलं. पडल्या पडल्या वाचायला हे पत्र.

काल गेले मी. भुवनेश्वरीनं पांढरे बूट घेऊन दिले, नऊवारीखाली ते असे दिसत होते की विचारू नको. कॉलेजच्या फाटकातून आत शिरताना पदर घट्ट खोचला, आणि मैदानावर गेल्यावर बरं वाटलं. तो कडुनिंब अजून आहे. काव्यानं मला मुलांच्या बाजूनं चालायला लावलं. ती स्वतः माझ्या शेजारी होती आणि रस्ताभर मला तुरीचा भाव विचारत होती. तुरीतलं तिला काही कळत नाही. मग ध्यानात आलं, की ती गुरुजींसारखं करतेय. तेव्हाच माझे डोळे भरून आले बघ.

तळं आलं. तुझ्या भाचीनं पोरांना आधीच शिकवून ठेवलेलं असणार. पुढची रांग कठड्यापाशी पोचली आणि कदमताल करायला लागली. मागचे सगळे तसेच. एवढे पाय एका जागी आपटत होते. काव्या पुढे झाली, मोठ्यानं ‘वर्ग’ म्हणाली, आणि गप्प बसली. माझ्याकडे बघून बाजूला सरकली. चावटच आहे, तुझ्यावर गेली.

जगदेवी, सवयीनं माझा हात शिट्टीकडे गेला. तोंडाशीसुद्धा नेली मी. समोर एक परकर-पोलक्यातली पोरगी होती, टोपी डोळ्यावर आलेली, पण हात वर करून सारत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती आणि पाय आपटत होती. तिला वाटत होतं, की ही बाई आता सांगेल. मी शिट्टी खाली सोडली. गुरुजी म्हणायचे तो मधला श्वास घेतला, आणि म्हटलं. थांब.

सगळे पाय एकदम पडले. एकच आवाज झाला. मग अशी शांतता झाली, की तळ्यावरच्या बगळ्यानं पंख झाडले तेही ऐकू आलं.

आणि मग काय झालं सांगू? कुणी हलेचना! ऊन चढतंय, चुरमुरेवाला पाटी घेऊन ताटकळलाय, प्राचार्या मॅडम दक्षमध्ये, पोरं दक्षमध्ये. मी आपली पदरानं डोळे पुसतेय. शेवटी काव्यानं कानाशी येऊन आठवण केली, की बाई, वर्ग तुमचा आहे, विश्राम तुम्हीच म्हणायचं. मी म्हटलं आणि सगळे हसले. मीपण हसले. एवढी मी नोकरीतसुद्धा हसले नसेन. त्या टोपीवाल्या पोरीनं मला मूठभर फुटाणे आणून दिले. या वेळी बाई म्हणून दिले.

शिट्टी भुवनेश्वरीला देऊन टाकली. आता घरात सगळ्यांना तोंडानं हाक मारते, तर मांजर घाबरतं.

तू नव्हतीस याचं तेवढं वाईट वाटलं. तू म्हणशील, मी असते तरी मला ऐकू आलं नसतं. आलं असतं गं. करमाळ्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं मी.

तुझीच,
शांतम्मा